टीआर 6 आणि एमजीबी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या फॉस वे या जुन्या रस्त्यावरून मोरटन-इन-मार्श गावाकडे जाताना माझ्या ट्रायम्फ टीआर 6च्या डिकीतून पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला. गाडी तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद केले आणि त्याच संध्याकाळी ती विकायची असे ठरवून टाकले. आता ते मत राहिलेले नाही.

माझ्याकडे दोन जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहेत: 1971ची एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची) आणि 1972ची इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारी, टीआर 6. मी कोव्हेंट्रीत राहतो आणि टीआर 6 याच शहरातल्या कॅनलीच्या कारखान्यात तयार होत असे, त्यामुळे तिच्याकडे माझा ओढा पहिल्यापासून होता.

वेगाचा प्रश्न लवकर मिटतो. ताशी 60 मैल गाठायला एमजीबीला सुमारे 12 सेकंद लागतात, टीआर 6ला आठच्या आसपास. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये सहा सिलिंडरांचा जो जोर जाणवतो, त्याला एमजीबीकडे उत्तर नाही. उलट खडबडीत रस्त्यावर टीआर 6ची वेगळ्या चासीवर बसवलेली बॉडी थरथरते आणि एमजीबीची एकसंध बॉडी घट्ट राहते.

खरा प्रश्न पेट्रोलच्या दाबाचा आहे. एमजीबीच्या एसयू कंपनीच्या दोन कार्बोरेटरांना अगदी कमी दाब पुरतो, तर टीआर 6च्या यांत्रिक इंजेक्शनला प्रति चौरस इंच सुमारे 100 पाउंड लागतो आणि तो निर्माण करणारा पंप डिकीत बसवलेला असतो. हा दाब सांभाळणारी प्रत्येक नळी आणि प्रत्येक जोड त्या तोलामोलाचा असावा लागतो. ज्या गॅरेजने माझ्या नळ्या बदलल्या, त्यांनी पंपापुढे कार्बोरेटरच्या गाडीला चालणारी साधी रबरी नळी लावली होती. त्यात 2021पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. तक्रार केल्यावर त्यांनी इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवण्याचा सल्ला दिला. नळीचे पैसे मी दुसऱ्यांदा भरले, याचा राग अजून गेलेला नाही, पण दोष गाडीचा नव्हता हे मला मान्य करावे लागले.

तो सल्ला मी मानला नाही, कारण संग्राह्यतेचा सारा भार याच यंत्रणेवर आहे. 90 हजारांहून अधिक टीआर 6 तयार झाल्या, तरी बहुतांश अमेरिकेला कार्बोरेटर लावूनच गेल्या. इंजेक्शनच्या गाड्यांतही सीपीने सुरू होणाऱ्या चासी क्रमांकाच्या, 150 अश्वशक्तीच्या म्हणून विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या गाड्यांना मागणी जास्त आहे. 1973च्या मॉडेलपासून सौम्य कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आला आणि जोर कमी झाला. माझी सीपी आहे.

एमजीबी 5 लाखांहून अधिक तयार झाल्या. 1974च्या अखेरीस आलेल्या रबरी बंपरांपेक्षा क्रोमचे बंपर संग्राहकांना प्रिय आहेत, पण एवढ्या संख्येत दुर्मीळपणा कसला? तिचे मोल वेगळे आहे: अगदी संपूर्ण बॉडीसुद्धा आजही नवी मिळते, म्हणून गंजलेले सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) पाहून झोप उडत नाही. काटकसरीने रोज वापरायची जुनी गाडी विचाराल तर मी निःशंकपणे एमजीबीच सांगेन, आणि माझ्या दहापैकी सात फेऱ्या तिच्यानेच झाल्या आहेत.

टीआर 6 मात्र विकणार नाही. या हिवाळ्यात तिचे मीटरिंग युनिट (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल मोजून देणारा इंजेक्शनचा भाग) काढून दुरुस्तीला देणार आहे, आणि नवी नळी बसवण्याआधी तिच्यावर छापलेला दाबाचा आकडा मी स्वतः वाचणार आहे.