व्हर्टआयओ ड्रायव्हर आणि त्यांची क्यू : अप्पा बळवंत चौकातल्या सर्व्हरवर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच, ज्यांना फक्त आकडा हवा असतो त्यांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही.

रिव्ह्यू कशाचा, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये नेटवर्क आणि डिस्कसाठी जे व्हर्टआयओ ड्रायव्हर टाकतात त्यांचा, आणि त्यातही मुख्य म्हणजे त्यांच्या पोटात जी बफरची (डेटा ठेवायच्या मेमरीतल्या जागांची) क्यू, म्हणजे रांग, असते, व्हर्टक्यू म्हणतात तिला, तिचा. लोक ड्रायव्हर टाकतात, "फास्ट झालं" म्हणतात आणि सोडून देतात, क्यूकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे, त्रासही तिथेच आहे.

सेटअप असा. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या अप्पा बळवंत चौकाजवळ एका पुस्तक वितरकाचं ऑफिस आहे, त्यांचा सर्व्हर मी बघतो. सेकंडहँड घेतलेला पण दणकट, त्यावर प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर), आत दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, एक विंडोजचं ज्यात बिलिंग आणि स्टॉक चालतो आणि एक लिनक्सचं ज्यावर फाईल शेअर आणि बॅकअप. जूनमध्ये शाळा सुरू होताना त्या चौकात काय असतं ते पुणेकरांना सांगायला नको, पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमकं तेव्हाच काउंटरवरची सगळी मशिनं एकदम बिलं मारतात, गोडाऊनवाले स्टॉक बघतात, आणि कुणाला तरी तेव्हाच वर्षाचा रिपोर्ट हवा असतो. मग मालक काकांचा फोन, "अहो, नुसतं गोल गोल फिरतंय, नवीन सर्व्हर घ्यायचा का ते सांगा, एकदाचा घेऊन टाकू." पेठेतला दुकानदार स्वतःहून खर्चाचं बोलतोय म्हणजे परिस्थिती खरंच वाईट आहे असं समजायचं.

होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, बघितलं तर एक कोर पूर्ण भरलेला आणि बाकीचे निवांत, डिस्कवरही फारसा ताण नाही. व्हीएमचं हार्डवेअरचं पान उघडलं आणि उलगडा झाला : नेटवर्क कार्ड इंटेल ई-१०००, डिस्क आयडीई. ज्या कुणी ते व्हीएम बनवलं होतं त्यांनी नेक्स्ट नेक्स्ट करत सोडून दिलं होतं. प्रॉक्समॉक्समध्ये गेस्ट (व्हीएमच्या आतली सिस्टम) विंडोज आहे असं सांगितलं की हेच पर्याय आपोआप पुढे येतात, कारण विंडोज इन्स्टॉल करताना ते अडत नाहीत. सोय म्हणून ठीक आहे, पण तेच कायम ठेवायचं नसतं.

ई-१००० म्हणजे इंटेलच्या खऱ्याखुऱ्या जुन्या गिगाबिट कार्डाची, ८२५४०ईएमची, सॉफ्टवेअरमध्ये केलेली नक्कल. विंडोजला पत्ताच नसतो, तो खऱ्या कार्डाच्या रजिस्टरमध्ये (कार्डाला हुकूम द्यायच्या ठराविक जागांत) लिहावं तसं लिहितो, आणि असं लिहिलं की प्रत्येक वेळी प्रोसेसर गेस्टमधून बाहेर पडून हायपरव्हायजरकडे, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, येतो, व्हीएम एक्झिट म्हणतात त्याला, मग काय लिहिलंय ते बघा, अर्थ लावा, काम करा, परत आत जा. इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला मारलेली हाक) आला की तो कशाचा होता हे विचारायला परत रजिस्टर वाचायचं, म्हणजे परत बाहेर. बफरची रिंग (गोल फिरणारी यादी) त्या कार्डालाही असते हं, नाही असं नाही, पण ती खऱ्या हार्डवेअरसाठी आखलेली, पलीकडे खरं कार्ड नसून प्रोग्राम बसलाय याचा फायदा तिला घेता येत नाही. आयडीईचं तर आणखी अवघड, एका वेळी एकच कमांड, ती संपल्याशिवाय पुढची नाही, खाली एसएसडी कितीही भारी असू दे.

व्हर्टआयओ सरळ मान्यच करतं की हे खोटं हार्डवेअर आहे. मग नक्कल कशाला करायची? गेस्टमधला ड्रायव्हर आणि होस्ट दोघांनी मेमरीचा एक तुकडा वाटून घ्यायचा आणि त्यात क्यू ठेवायची. २००८ च्या सुमाराला रस्टी रसेल यांनी हे लिनक्समध्ये आणलं, कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.२४ मध्ये, तेव्हा व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी झेनचे ड्रायव्हर वेगळे, केव्हीएमचे वेगळे, अशी प्रत्येकाची वेगळी चूल होती. पुढे ते ओॲसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं रीतसर स्टँडर्ड झालं, १.० ला २०१६ मध्ये मान्यता, १.१ आलं २०१९ ला, १.२ आलं २०२२ ला.

क्यू कशी आहे ते सांगतो, कारण रिव्ह्यू तिचाच आहे. तीन भाग. पहिलं डिस्क्रिप्टर टेबल, त्यात एकेका बफरची नोंद : पत्ता, लांबी, फ्लॅग आणि पुढच्या नोंदीचा नंबर, सगळं मिळून १६ बाइट. २५६ नोंदींची क्यू असेल तर हे टेबल बरोबर ४०९६ बाइट होतं, म्हणजे मेमरीचं एक अख्खं पान, किती नीट बसतं बघा. दुसरी अव्हेलेबल रिंग, तिच्यात फक्त गेस्टचा ड्रायव्हर लिहितो की हे बफर तयार आहेत, घ्या. तिसरी यूज्ड रिंग, तिच्यात फक्त होस्टकडचं डिव्हाईस लिहितं की हे बफर वापरून झाले, परत न्या. कोणी कुठे लिहायचं हे इतकं पक्कं ठरलेलं आहे की दोघांमध्ये लॉक लागतच नाही, फक्त क्रम पाळायचा, आधी नोंद भरायची, मग रिंगमध्ये टाकायची, मग बॅरियर (आधीचं लिहिणं पुरं झाल्याशिवाय पुढे न जाण्याची सूचना), मग काउंटर एकाने वाढवायचा. मला विचाराल तर ही सगळी करामत या एका गोष्टीत आहे, प्रत्येक जागेला एकच मालक. (पेठेतल्या वाड्यांच्या कोर्टकेसेस बघितलेल्या माणसाला याचं मोल जास्त कळतं.)

दुसरी भारी गोष्ट म्हणजे हाक मारणं टाळणं. याच चौकात शाळेची यादी घेऊन कधी उभे राहिला असाल तर बघितलं असेल, काही दुकानांत काउंटरवरचा माणूस एकेक नाव ओरडतो आणि आतलं पोरगं एकेका पुस्तकासाठी धावतं, आणि काही दुकानांत याद्या एका बाजूला टाकत जातात, आतला माणूस हाताला लागतील तेवढ्या उचलतो आणि गठ्ठे बांधून दुसऱ्या टेबलावर ठेवतो, ओरडायचं फक्त तो रिकामा बसला असेल तरच. व्हर्टक्यूत हे अक्षरशः फ्लॅगने केलंय. होस्ट आधीच कामात असेल तर तो सांगून ठेवतो की मला हाक मारू नका, मी आपणहून बघतोय, आणि गेस्टही तसंच सांगू शकतो की प्रत्येक बफरमागे इंटरप्ट नको. इव्हेंट इंडेक्स नावाची सोय तर अजून बारीक, अमुक नंबरपर्यंत पोचलात की मगच उठवा. त्यामुळे ट्रॅफिक जितका जास्त तितक्या हाका कमी. ई-१००० चं बरोब्बर उलट होतं आणि म्हणून जूनमध्येच ते कोसळत होतं.

त्यातून व्हीहोस्ट-नेट चालू असलं (प्रॉक्समॉक्समध्ये असतंच) तर होस्टच्या बाजूने ही रांग क्यूएमयू (व्हीएम चालवणारा होस्टवरचा प्रोग्राम) वाचत नाही, थेट कर्नलच वाचतो, २.६.३४ पासून, म्हणजे २०१० पासून. डेटाच्या वाटेतला एक मधला माणूस कमी.

आता बसवण्याचा अनुभव. लिनक्सच्या गेस्टमध्ये काही करावं लागत नाही, ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. विंडोजसाठी व्हर्टआयओ-विनची आयएसओ (सीडीसारखी फाईल) लावायची, ही फुकट मिळते. नवीन इन्स्टॉल असेल तर सेटअपला डिस्कच दिसत नाही, घाबरायचं नाही, लोड ड्रायव्हर म्हणून आयएसओतला व्हीआयओस्कझी हा डिस्कचा ड्रायव्हर दाखवायचा. चालू मशीन बदलायचं असेल तर मात्र बूट डिस्क थेट आयडीईवरून हलवू नका, निळी स्क्रीन ठरलेली. आधी एक छोटी एक्स्ट्रा डिस्क त्याच व्हर्टआयओ स्कझी कंट्रोलरवर जोडा, विंडोज चालू असताना ड्रायव्हर टाका, ती डिस्क दिसायला लागली की बंद करून मग मुख्य डिस्क हलवा आणि बूट ऑर्डर नीट करा. नेटवर्क कार्ड बदललं की विंडोज ते नवीन कार्ड समजतो आणि जुना फिक्स आयपी जुन्या, आता न दिसणाऱ्या कार्डालाच चिकटून राहतो, तो परत टाकावा लागतो. हे सगळं दुकान बंद असताना करा, आणि त्या भागात दुपारी १ ते ४ आहेच की.

फरक? पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या पोरांना जाणवला. तो भरलेला कोर खाली आला, फाईल कॉपी गिगाबिटच्या लाईनला जवळजवळ भिडायला लागली, सगळी काउंटर एकदम बिलं मारत असतानाही स्टॉकची यादी उघडते. नवीन सर्व्हर बारगळला. काकांना सांगितलं की काही विकत घेतलं नाही, तर त्यांचा चेहरा आधी आनंदी आणि मग संशयी, "मग आधी का नाही केलंत?" तो सर्व्हर तेव्हा माझ्याकडे नव्हता हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

आता अर्धा स्टार. क्यूची डिफॉल्टं फार जपून ठेवलेली आहेत आणि ती कुठे बदलायची हे शोधत बसावं लागतं. नुसत्या क्यूएमयूमध्ये व्हर्टआयओ नेटची घेण्याची क्यू २५६ ची असते आणि वाढवून १०२४ पर्यंतच जाते, स्टँडर्डमध्ये मात्र ३२७६८ पर्यंत मुभा आहे. घेण्याच्या क्यूत ड्रायव्हरने रिकामे बफर आधीच भरून ठेवायचे असतात, एकदम लोंढा आला आणि रिकामे बफर संपले तर पॅकेट जातात, आणि गंमत म्हणजे ती गेली हे गेस्टमध्ये कुठेच दिसत नाही! गेस्टमध्ये एरर शून्य, आणि तुम्ही स्विच बदला, केबल बदला करत बसता. ती दिसतात होस्टवर, त्या व्हीएमच्या टॅप इंटरफेसवर (व्हीएमचं कार्ड जोडलेलं होस्टकडचं टोक), टीएक्स ड्रॉप्ड या आकड्यात, कारण होस्टचं पाठवणं म्हणजे गेस्टचं घेणं. हे कुठेतरी ठळक लिहायला हवं होतं.

दुसरं मल्टिक्यू. एरवी घेण्याची एक आणि देण्याची एक अशी एकच जोडी असते, म्हणजे व्हीएमला कितीही कोर दिले तरी पॅकेटं एकाच रांगेतून. प्रॉक्समॉक्समध्ये नेटवर्क कार्डाच्या ॲडव्हान्स्डमध्ये मल्टिक्यूचा रकाना रिकामा असतो, त्यात व्हीएमच्या कोरएवढा आकडा टाकायचा, लिनक्समध्ये ईथटूल या कमांडने जोड्या किती झाल्यात ते तपासायचं, विंडोजमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये आरएसएस (आलेली पॅकेटं कोरमध्ये वाटण्याची सोय) चालू आहे का बघायचं. पण सरसकट टाकू नका. एकाच कनेक्शनचा स्पीड याने वाढत नाही, अनेक कनेक्शन असतील तरच ती वेगवेगळ्या क्यूत वाटली जातात, आणि सीपीयू जास्त खातं. आमच्या बिलिंगला ठेवलं, लिनक्सवाल्याला काढून टाकलं, काही फरक नव्हता.

आणि क्यू मोठी म्हणजे चांगली असंही नाही, हे आपल्याकडे पटवून देणं कठीण जातं. देण्याच्या बाजूची क्यू खोल केली की पॅकेट पडत नाहीत पण रांगेत सडत राहतात, बॅकअप चालू असताना साधं पिंगसुद्धा रेंगाळायला लागतं. घेण्याची क्यू वाढवा, देण्याची जिथल्या तिथे ठेवा, एवढं माझं मत.

१.१ मध्ये पॅक्ड क्यू आली, तीन भागांऐवजी एकच रिंग, प्रोसेसरच्या कॅशला कमी उड्या माराव्या लागतात आणि हार्डवेअरवाल्यांना बनवायलाही सोपी. क्यूएमयूमध्ये ती डिफॉल्टला बंद असते, गिगाबिटच्या ऑफिसात शोधत जायची गरज नाही.

दुसऱ्या कंपन्यांचंही असंच काहीतरी असतंच. झेनच्या डिस्कच्या रिंगची मूळ रचना एका ४ केबीच्या पानात बसवलेली, त्यात ३२ रिक्वेस्ट आणि एकेकीत जास्तीत जास्त ४४ केबी, म्हणजे एका वेळी दीड एमबीसुद्धा हवेत नाही. हायपर-व्हीचं व्हीएमबस आहे, व्हीएमवेअरचं व्हीएमएक्सनेट३ आहे, कामाला उत्तम, पण ज्याचं त्याच्या घरात. व्हर्टआयओची एकच क्यू नेटवर्क, डिस्क, कन्सोल, बलून (व्हीएमची मेमरी कमी-जास्त करणं), रँडम नंबर सगळ्यांना चालते, एकदा समजून घेतली की बाकीचं आपोआप कळतं.

कोणी भानगडीत पडू नये? ज्यांचं व्हीएम दोन माणसं वापरतात आणि कुणाची तक्रार नाही त्यांनी उगाच चालू गाडीला हात लावू नये. भाड्याचं लिनक्स व्हीपीएस (दुसऱ्याच्या सर्व्हरवरचं व्हीएम) असेल तर आधी एलएसपीसीआय ही हार्डवेअरची यादी दाखवणारी कमांड मारून बघा, रेड हॅट आणि व्हर्टआयओ असं दिसलं तर ते आधीच बसवलेलं आहे, तुमच्या हातात फक्त ईथटूल उरतं. विंडोजवर ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली म्हणून लगेच टाकू नका, आधी स्नॅपशॉट घ्या, आणि मे-जूनमध्ये तर अजिबातच नको.