वाय-फायचे ठसे की ब्लूटूथचे बीकन: इमारतीच्या आत जागा ओळखण्यासाठी काय निवडावे

इमारतीच्या आत माणूस कुठे उभा आहे हे ओळखून त्याप्रमाणे सेवा देणारी प्रणाली उभारायची ठरवली, की वाय-फायच्या ठशांवर (कोणत्या जागी कोणते वाय-फाय संकेत किती जोराने मिळतात, याच्या आधी घेतलेल्या नोंदींवर) विसंबावे की ब्लूटूथचे बीकन (आपला ओळखक्रमांक सतत प्रक्षेपित करणारी, सेलवर चालणारी छोटी उपकरणे) लावावेत, हा निर्णय फार लवकर घ्यावा लागतो आणि नंतर तो बदलणे महागात पडते. मी तो दोनदा घेतला: आधी वाय-फायच्या बाजूने, मग बीकनच्या. काम दोन्ही वेळा एकच होते. महाविद्यालयाच्या दुमजली ग्रंथालयात विद्यार्थी ज्या विषयाच्या कपाटांपाशी उभा असेल, त्या विषयाचे जुने प्रबंध आणि बांधीव नियतकालिके त्याच्या फोनवर आपोआप दिसावीत, एवढेच आम्हांला साधायचे होते. पुढील मते त्या एका इमारतीतून आलेली आहेत, हे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

अशी प्रणाली माणसाचा ‘संदर्भ’, म्हणजे त्याची त्या क्षणाची परिस्थिती, ओळखून वागते. संदर्भ म्हणजे केवळ स्थान नव्हे. सोबत कोण आहे आणि जवळपास कोणती साधने आहेत हेही त्यात येते, असे संशोधक शिलिट, ॲडम्स आणि वाँट यांनी १९९४ सालीच मांडले होते. तरीही प्रत्यक्ष काम स्थानापासूनच सुरू होते. याच रॉय वाँट यांनी सहकाऱ्यांसोबत केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत जे बिल्ले तयार केले, ते दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांचा संकेत सोडत आणि त्यासाठी खोल्याखोल्यांतून संकेतग्राहक बसवावे लागत. भिंतीवर आपले स्वतःचे काही लावायचे की आधीपासून असलेल्यावर भागवायचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आधीपासून असलेल्यावर भागवण्याचे आकर्षण मोठे असते, हे मान्य केले पाहिजे. बहल आणि पद्मनाभन यांनी २००० साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात एका मजल्यावर केवळ तीन बिनतारी बेस स्टेशनांच्या आधारे दोन ते तीन मीटरपर्यंतची मध्यक अचूकता (म्हणजे निम्म्या वेळा चूक त्याहून जास्त नाही) दाखवली होती. आमच्या ग्रंथालयात तर त्याहून अधिक ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा संकेत देणारी उपकरणे) होते. खरेदी नाही, निविदा नाही, भिंतीला हात लावण्यासाठी परवानगी मागणे नाही. या सोयीपोटीच मी पहिल्यांदा वाय-फाय निवडले.

दोन विद्यार्थ्यांसह मी हिवाळी सुट्टीत आठ दिवस रेडिओ नकाशा, म्हणजे या ठशांची जागेनुसार नोंद, तयार केला. प्रत्येक बिंदूवर चारही दिशांना तोंड करून नोंदी घ्याव्या लागतात, कारण आपले शरीरच संकेत अडवते. सुरुवातीचे काही आठवडे प्रणाली इतकी चांगली चालली, की कपाटांच्या शेजारशेजारच्या रांगाही ती वेगळ्या ओळखत असे. मग एका सोमवारी अर्थशास्त्राच्या कपाटापाशी उभे राहिल्यावर फोनवर वनस्पतिशास्त्र दिसू लागले. कपाटे तीच, ॲक्सेस पॉइंट त्याच जागी, आमच्या प्रोग्राममध्येही काही बदललेले नाही. शोधाशोध करण्यात बरेच दिवस गेल्यावर कारण सापडले: सगळे जाळे सांभाळणारा मध्यवर्ती कंट्रोलर प्रत्येक ॲक्सेस पॉइंटची प्रक्षेपणशक्ती आणि चॅनेल परिस्थितीनुसार स्वतःच बदलत होता. एखादा बंद पडला की शेजारचे आपला आवाज वाढवत, आणि तो पुन्हा सुरू झाला की कमी करत. नेटवर्क सांभाळणाऱ्यांची यात काहीही चूक नव्हती, कारण चांगल्या जाळ्याने असेच वागायला हवे. परंतु ज्या समजूतदारपणामुळे जाळे उत्तम चालत होते, त्यानेच आमच्या आठ दिवसांच्या नोंदी निरुपयोगी ठरत होत्या, आणि ते केव्हा घडेल हे आम्हांला आधी कळण्याचा मार्ग नव्हता. नकाशा आम्ही पुन्हा केला. पुढच्या सत्रात तो पुन्हा चुकला. मला खटकले ते श्रम नव्हेत. विद्यार्थ्याने सेवा का वापरली नाही याचा अभ्यास करताना दोष सेवेचा की त्या दिवशीच्या नकाशाचा, हे सांगता येईना, आणि संशोधनाचा पायाच डळमळला.

फोनकडूनही अडचण येते. अँड्रॉइड ९ पासून उघड्या ॲपला दोन मिनिटांत आसपासच्या वाय-फायचे चारच स्कॅन करता येतात, आणि दोन मिनिटांत माणूस मजला बदलतो. आयफोनवर सामान्य ॲपला आसपासच्या वाय-फायची यादी मिळतच नाही.

बीकनचा जाच वेगळा आहे आणि तो कमी आहे असे मी म्हणणार नाही. सेल संपतात, चिकटपट्टी पावसाळ्यात सुटते, साफसफाईत एखादा बीकन काढून ठेवला जातो. आयफोनवर एका ॲपला २० पेक्षा जास्त क्षेत्रांवर (बीकनच्या ओळखक्रमांकावरून ठरणाऱ्या जागांवर) लक्ष ठेवता येत नाही, त्यामुळे सगळ्या बीकनना एकच मुख्य ओळखक्रमांक देऊन कपाटे आतल्या क्रमांकांवरून ओळखावी लागतात. मीटरमधले अंतर तर बीकनकडून मागूच नये. ‘अगदी जवळ’, ‘जवळ’ आणि ‘दूर’ एवढेच तो बऱ्यापैकी सांगतो. आमच्या कामाला तेवढे पुरले. मुख्य म्हणजे बीकनची प्रक्षेपणशक्ती मी ठरवलेली होती आणि ती मीच बदलेपर्यंत तशीच राहत होती. बीकन बिघडला तर तो गप्प होतो, आणि गप्प झालेला बीकन नोंदीत लगेच दिसतो. बदललेल्या वाय-फायचा नकाशा मात्र पूर्वीच्याच आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देत राहतो.

आपली इमारत रुग्णालयाएवढी विस्तीर्ण असेल, शेकडो बीकनचे सेल बदलायला माणसे नसतील आणि नेटवर्क विभाग स्वतःच प्रकल्पात भागीदार असेल, तर वाय-फायचा विचार जरूर करावा. मात्र कंट्रोलरमधील शक्तिबदलाच्या नोंदी मिळतील असे आधी लेखी घ्यावे. सेंटीमीटरांची अचूकता हवी असणाऱ्यांनी या दोहोंऐवजी अल्ट्रा-वाइडबँड या अंतर बारकाईने मोजणाऱ्या रेडिओ तंत्राकडे वळलेले बरे, पण ती सोय प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनमध्ये सापडणार नाही. एक-दोन मजले, मोजक्या जागा आणि वर्षभर चालणारा अभ्यास असेल, तर माझा कल बीकनकडे आहे. ते डोक्याच्या उंचीच्या वर लावावेत, म्हणजे माणसांची गर्दी मध्ये येत नाही. आणि सेल बदलल्याची तारीख प्रत्येकाच्या पाठीवर लिहून ठेवावी.