अर्धी पुडी : इन्स्टंट रामेनचं पक्षपाती परीक्षण

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं न वाचता पाणी उकळायला ठेवावं. मसाल्याची पुडी वेगळी असलेलं, पाकिटातलं रामेन (जपानी धाटणीच्या सुपातल्या नूडल्स) : पाचपैकी चार तारे. वरून उकळतं पाणी ओतायचं, कपातलं रामेन : दोन. पोषणाचे गुण दोघांनाही जेमतेम पासापुरते. हे मला ठाऊक आहे, कारण माझी थोरली बहीण आहारतज्ज्ञ आहे आणि ती हे विसरू देत नाही.

मी भाषांतराची कामं घेते. मजकूर सकाळी द्यायचा असला की रात्री साडेअकराच्या सुमारास जी भूक लागते ती जेवणाची नसते, जागं राहण्याची असते. त्या वेळी काहीतरी गरम, खारट, पातळ आणि पाच मिनिटांत होणारं हवं असतं. या चारही अटी पुऱ्या करणारा दुसरा पदार्थ मला अजून मिळालेला नाही. ताईचं म्हणणं, "अगं, गरम दूध पी आणि झोप." झोपायचंच असतं तर भूक कशाला लागली असती?

तर आधी पाकिटाची मागची बाजू. सध्या माझ्या कपाटात जे पाकीट आहे त्यावर लिहिलंय : ऊर्जा ३८० कॅलरी, स्निग्ध पदार्थ १४ ग्रॅम, त्यातले संपृक्त साडेसहा, प्रथिनं ८ ग्रॅम, तंतू २ ग्रॅम, सोडियम १,७०० मिलिग्रॅम. बाकी आकडे जाऊ द्या, शेवटचा बघा. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ निघतं, म्हणजे सव्वाचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे एका वाडग्यात दिवसाचा कोटा जवळपास आटोपला, आणि दिवसभराचं जेवण तर आधीच पोटात गेलेलं. शिवाय काही पाकिटांवरचे आकडे 'एका सर्व्हिंग'चे असतात आणि बारीक अक्षरात 'सर्व्हिंग म्हणजे अर्धं पाकीट' असं लिहिलेलं असतं. नूडल्सचा अर्धा ठोकळा शिजवून उरलेला अर्धा उद्यासाठी जपून ठेवणारा माणूस मला एकदा भेटायचाय.

ठोकळ्याबद्दल मात्र उगाच बदनामी फार झाली आहे. नूडल्सवर मेणाचा थर असतो आणि तो पोटात साचतो, ही ऐकीव गोष्ट मला दर काही महिन्यांनी कुणीतरी फॉरवर्ड करतं. मेण नसतं हो. पाणी गढूळ होतं ते स्टार्च आणि तेलामुळे. मैद्याचं पीठ क्षारांच्या पाण्यात (पोटॅशियम आणि सोडियम कार्बोनेट) मळतात. त्यानंच रामेनला तो पिवळटपणा आणि चावताना जाणवणारा ताठपणा येतो. मग दोरे कापतात, वाफवतात आणि दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात मिनिट-दोन मिनिटं तळतात. वाफवल्यामुळे ते शिजलेलेच असतात. तळण्यात आतलं पाणी वाफ होऊन निसटतं आणि त्याच्या जागी बारीक बारीक छिद्रं राहतात. आपण उकळतं पाणी घातलं की ते त्याच वाटांनी परत आत शिरतं. तीन मिनिटांत शिजण्याचं सगळं गुपित एवढंच. किंमत मोजायची ती तेलात : तळलेल्या ठोकळ्याच्या वजनातला पाचवा-सहावा हिस्सा तेलाचा असतो, आणि ते बहुधा पामतेल.

तेल नको असेल तर न तळता गरम हवेत सुकवलेले ठोकळे मिळतात. त्यांच्यात स्निग्ध पदार्थ अगदी थोडे. शिजायला मिनिट-दोन मिनिटं जास्त लागतात आणि चव जरा कोरडी, सज्जन वाटते. मी ते आणते आणि खरं सांगायचं तर दोन्ही समोर असले की हात तळलेल्याकडेच जातो. पण कुणी विचारलं तर सल्ला हवेत सुकवलेल्याचाच देईन.

आता मुख्य मुद्दा, पुडी. इन्स्टंट रामेनचे जनक मोमोफुकू आंदो यांनी १९५८ साली जपानमध्ये 'चिकन रामेन' बाजारात आणलं, तेव्हा त्यात पुडी नव्हतीच. मसाल्याची चव दोऱ्यांमध्येच मुरवलेली होती : वाडग्यात ठोकळा, वरून उकळतं पाणी, झालं. त्या काळी ते ताज्या उदोन (जाड जपानी) नूडल्सपेक्षा महाग होतं, हे आज ऐकायला गंमत वाटते. पुढे सूपची पुडी वेगळी देण्याची पद्धत आली. माझ्या मते या पदार्थाच्या इतिहासातली सर्वांत कामाची सुधारणा हीच. कप नाही, शंभर स्वाद नाहीत, चीज-बीज तर नाहीच. पुडी वेगळी झाली आणि मीठ किती घालायचं हे कारखान्याच्या हातून निसटून माझ्या हातात आलं. पाकिटाला मी चार तारे देते ते या एका गोष्टीसाठी.

कारण पाकिटातलं बहुतेक मीठ त्या पुडीत असतं. बहुतेक, सगळं नव्हे. ठोकळ्यातही असतं, त्यामुळे अर्धी पुडी घातली म्हणजे सोडियम बरोबर निम्मं झालं असं समजू नका. तरी फरक मोठा पडतो. आणि वाडग्यातलं सूप तळाशी ठेवून उठलात तर आणखी पडतो. काही जपानी कपांवर तर मीठ दोन वेगळ्या ओळींत छापतात : नूडल्स आणि भाज्यांमध्ये किती, सूपमध्ये किती. इतका प्रामाणिकपणा सगळ्यांनी दाखवला तर माझ्या बहिणीची निम्मी भाषणं वाचतील.

अजिनोमोटो तब्येतीला वाईट, ही भीती मला मान्य नाही, हेही इथेच सांगते. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. तोच ग्लुटामेट टोमॅटोत असतो, मुरलेल्या चीजमध्ये असतो. मजा अशी, की साध्या मिठात वजनाच्या ३९ टक्के सोडियम असतं आणि एमएसजीत (मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजेच अजिनोमोटो) साधारण १२. म्हणजे चव जमवायला थोडं मीठ काढून थोडं एमएसजी घातलं तर एकूण सोडियम कमीच होतं. गुन्हेगार शोधायचाच असेल तर पुडीतलं साधं मीठ पकडा.

आता माझी कृती. पाकिटावर ५०० मिली पाणी लिहिलंय. मी ३५० घेते. अर्ध्या पुडीला ५०० मिली पाणी म्हणजे चव धुऊन काढणं. अर्धी पुडी घालून बेचव झालं अशी तक्रार करणारे हमखास पाणी तेवढंच ठेवतात. पाणी उकळू लागलं की आधी भाजी जाते : कोबीच्या जाड फिती, गाजराचे पातळ काप, फ्रीजरमधले मटार थेट मूठभर. पुन्हा उकळी आली की ठोकळा. तो लगेच काट्यानं ओरबाडू नये. पाऊण मिनिट तसाच पडू द्यावा, मग उलटावा, आपसूक सुटतो. सुटला की नूडल्स काट्यावर वर उचलायच्या, दोन सेकंद हवेत धरायच्या, परत सोडायच्या, असं तीन-चार वेळा. वरचा थर हवेनं जरा थंड होतो आणि दोरे मऊ पडत नाहीत. कोरियन लोक हे करतात आणि ते बरोबर करतात.

वेळेच्या बाबतीत पाकिटावर विश्वास ठेवू नका. तीन मिनिटं लिहिलं असेल तर अडीचला गॅस बंद, कारण वाडग्यात ओतेपर्यंत आणि तोंडात जाईपर्यंत शिजणं चालूच असतं. पुडी गॅस बंद केल्यावर घालायची. मसाल्याचा वास उकळत्या वाफेबरोबर स्वयंपाकघरभर हिंडण्यापेक्षा वाडग्यात राहिलेला बरा, आणि वास राहिला की अर्ध्या पुडीतही भागतं.

अंडं मी दोन तऱ्हेनं घालते. कामाची घाई असली तर वाटीत फेटून, उकळत्या सुपात बारीक धार धरते. काटा एकाच दिशेनं, हळू. धार पडताक्षणी तिच्या पिवळ्या रेशमी चिंध्या होतात आणि सूप दाट होतं. निवांत असले तर अंडं अख्खंच फोडून नूडल्सच्या घरट्यात सोडायचं, झाकण ठेवायचं. पांढरा भाग धरतो आणि पिवळं बलक जेमतेम थरथरत राहतं. मग काट्यानं ते फोडलं की नूडल्सना जो लेप बसतो, त्यापुढे पुडीतल्या तेलाची गरजच उरत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं; पाकिटातली आठ धरून चौदा झाली. अंडं न खाणाऱ्यांनी टोफू घ्यावा, आणि तो आधी तव्यावर कडा तांबूस होईपर्यंत परतावा, नाहीतर तो सुपात नुसता पाहुण्यासारखा बसून राहतो.

शेवटी मूठभर पालक आणि लिंबू. लिंबू विसरू नका. आंबटपणा आला की जिभेला मीठ कमी असल्याचं कळत नाही. माझी सगळी काटकसर या फोडीवर उभी आहे.

वर चीजची स्लाइस टाकायची फॅशन आहे. चव छानच लागते, पण पुडीतलं मीठ निम्मं करायचं आणि मग चीजमधून परत घालायचं, यात काय अर्थ? तिखटाच्या शर्यतीतही मला रस नाही. २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनानं सामयांग या कोरियन कंपनीच्या बुलडाक नूडल्सचे तीन प्रकार कॅप्सेसिन (मिरचीतला तिखट घटक) फार आहे म्हणून परत मागवले आणि पुढच्याच महिन्यात त्यांतल्या दोनांना पुन्हा परवानगी दिली. एवढं तिखट खाऊन पराक्रम गाजवायचा असेल तर गाजवा. मला पहाटेपर्यंत काम करायचं असतं. कोरियन पाकिटांत माझी पसंती नोंगशिमच्या शिन राम्यनला. १९८६ पासून चालू आहे, दोरे जाड, चार-पाच मिनिटं घेतात, आणि वाळलेल्या भाजीची पुडी मसाल्यापासून वेगळी असते, त्यामुळे मसाला कमी केला तरी भाजी कमी होत नाही.

आता कप. कपाला दोन तारे देताना वाईट वाटतं, कारण वस्तू म्हणून तो फार हुशार आहे. आंदो १९६६ मध्ये अमेरिकेत गेले असताना तिथल्या लोकांनी ठोकळा मोडून कागदी कपात टाकला आणि काट्यानं खाल्ला. त्यावरून त्यांना कल्पना सुचली आणि १९७१ मध्ये 'कप नूडल' आलं. त्यातला ठोकळा तळाला टेकत नाही, कपाच्या मध्यावर अडकून राहतो, म्हणजे प्रवासात मोडत नाही आणि गरम पाणी खालूनही मिळतं. हे सगळं कौतुकाचं. पण बहुतेक कपांत मसाला आधीच मोकळा पडलेला असतो. चमच्यानं वेचून काढणार का? पुडीचं स्वातंत्र्य गेलं, अंडं शिजण्याइतकी उष्णता नाही, आणि कोबी घातला तर कच्चाच राहतो. सूप टाकून देणं एवढा एकच उपाय उरतो. गाडीत, स्टेशनवर, इस्पितळात कुणाच्या उशाशी बसलेलो असताना कप चालेल. घरात गॅस असताना का?

रोज खाऊ का, असं कुणी विचारलं तर ताईचंच उत्तर देईन : नको. रक्तदाब असलेल्यांनी तर तिलाच, किंवा आपापल्या डॉक्टरांना विचारावं. मी काम अंगावर आलं की खाते, आणि खाते तेव्हा चांगलं करून खाते. मागच्या वेळी ताई राहायला आली होती. रात्री वाडग्याकडे बघून म्हणाली, "एवढी भाजी घातलीस तर मग हे नूडल्स कशाला?" मी म्हटलं, "ताई, नुसती भाजी मी रात्री बारा वाजता केली असती का?" तिनं उत्तर दिलं नाही, काटा मात्र घेतला.

तक्रार एकच आहे, आणि ती सगळ्याच कंपन्यांकडे. उरलेली अर्धी पुडी. ती चिमटा लावून ठेवली तरी दमट हवेत ओली होऊन गोळा होते, आणि पुढच्या वेळी त्या गोळ्यातून अर्धं म्हणजे किती हे कळत नाही. मी आता घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत सगळ्या अर्ध्या पुड्या एकत्र ओतते आणि उकडलेल्या बटाट्यावर, पॉपकॉर्नवर चिमूट-चिमूट वापरते. पण हा उद्योग मी का करायचा? एका मोठ्या पुडीऐवजी दोन छोट्या द्या. तेवढं केलंत तर पाकिटाला साडेचार तारे.