जपानीची चोकाई (परीक्षेतला ऐकण्याचा भाग) प्रवासात ऐकायची असेल तर ऑडॅसिटी टाकून घ्याच

जेएलपीटीच्या (जपानी भाषेच्या परीक्षेच्या) पुस्तकांबरोबर जो ऑडिओ मिळतो तो टेबलाशी बसून पेपर सोडवणाऱ्यासाठी असतो, पीएमपीच्या बसमध्ये दांडा धरून उभं असणाऱ्यासाठी नाही. आधी सूचना, मग उदाहरण, मग प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नानंतर उत्तर लिहायला सोडलेली लांबलचक शांतता, तेवढ्यात आपलं लक्ष कुठल्या कुठे गेलेलं असतं. परीक्षेत चोकाई एकदाच ऐकवतात त्यामुळे कान तयार असणं किती महत्त्वाचं आहे हे डिसेंबरला बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तर ऑडॅसिटी, म्हणजे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००० सालापासून आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. दिसायला जुनाट वाटतं आणि मेनू उघडला की पहिल्यांदा गांगरायला होतं, पण आपल्या कामाच्या गोष्टी त्यात मोजक्याच आहेत, बाकीच्यांकडे बघायची गरजच नाही.

सगळ्यात भारी म्हणजे ट्रंकेट सायलेन्स. पूर्ण ट्रॅक सिलेक्ट करायचा, एक सेकंदापेक्षा मोठी शांतता असेल तर ती अर्ध्या सेकंदावर आण असं सांगायचं, की सगळे रिकामे गॅप एका झटक्यात जातात. फक्त दोन आकडे जपून भरा. थ्रेशोल्ड (ज्याहून हळू आवाज शांतता धरला जातो ती मर्यादा) आधीपासून उणे २० डेसिबल असतो तो उणे ४० च्या आसपास न्या, नाहीतर वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'देस'च्या शेवटचा जो हळू 'स' असतो ना तोही शांतता समजून कापला जाऊ शकतो. आणि कालावधी फार कमी ठेवू नका. 'किते' आणि 'कित्ते' या दोन जपानी शब्दांमधला फरक म्हणजे 'त्त'च्या आधीची इवलीशी थांब, झूम करून बघा, तिथे वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) चक्क सपाट दिसतो, आणि कालावधी ०.१ सेकंद वगैरे ठेवलात तर सॉफ्टवेअर नेमकं तेच आखडून टाकतं, मग कानाला चुकीचं वळण लागतं.

दुसरं, ऑडिओ मोनो करा, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. ट्रॅक्स मेनूत मिक्स स्टीरिओ डाउन टू मोनो आहे. काही संवादांत बाई एका कानात आणि पुरुष दुसऱ्या कानात असतो, आणि बसमध्ये आपण एकच इयरफोन लावतो (लावावाच, कंडक्टरचं ऐकू यायला हवं), म्हणजे अर्धा संवाद गायब. त्यावर कॉम्प्रेसर लावला की हळू बोललेलं आणि जोरात बोललेलं जवळजवळ सारखं ऐकू येतं, इंजिनच्या घरघरीत याचा खूपच उपयोग होतो. मोनो एमपी३ ६४ केबीपीएसला काढली तर मिनिटाला अर्धा एमबी पण लागत नाही आणि बोलणं स्वच्छ ऐकू येतं.

लेबलचं पण शिकून घ्या. ऑडिओ चालू असताना प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला कंट्रोल एम दाबत जायचं, नाव द्यायचं, आणि शेवटी एक्सपोर्ट करताना लेबलनुसार वेगवेगळ्या फाइल्स काढायच्या. अडलेला एकच प्रश्न फोनवर रिपीटला टाकता येतो, अख्खा ट्रॅक मागेपुढे ओढत बसावं लागत नाही.

वाक्य ऐकून मागे म्हणायची सवय असेल तर मात्र इथे कष्ट आहेत. प्रत्येक वाक्यानंतर कर्सर ठेवून जनरेट मधून सायलेन्स घालावी लागते, वाक्य जेवढं तेवढीच साधारण. आपोआप होत नाही, वेळ खातं, पण निवडक संवादांसाठी करा, फार फरक पडतो.

स्लो करायचं असेल तर चेंज टेम्पो वापरा, चेंज स्पीड नाही, त्यात आवाजच जाडा होतो. तेही थोडंच, फार ओढलं की आवाज पत्र्यासारखा येतो आणि माझ्या मते एन थ्रीच्या (परीक्षेच्या मधल्या पातळीच्या) पुढे स्लो करून ऐकूच नये.

अजून दोन गोष्टी. प्रोजेक्ट फाइल खूप फुगते, तासाभराचा स्टीरिओ सहज एक जीबीच्या वर जातो, म्हणून एमपी३ निघाली आणि ऐकून तपासली की प्रोजेक्ट उडवा, पुस्तकाचा मूळ ऑडिओ तेवढा जपून ठेवा. आणि ऑडॅसिटी मोबाइलवर नाहीये, लॅपटॉप लागतोच, त्यामुळे आठवड्याभराचं ऐकायचं रविवारीच कापून फोनमध्ये टाकून ठेवलेलं बरं.