पाळी लांबली तेव्हा वापरलेलं प्रेग्नन्सी कार्ड

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा कार्डाचा नाही, पाकिटातल्या माहितीच्या कागदाचा आहे. ते पुढे सांगते.

आधी कार्ड आणायची वेळ का आली ते. गौरी-गणपतीत मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या, नोरइथिस्टेरॉनच्या, डॉक्टर मॅडमनी लिहून दिलेल्या. सासर कराडजवळच्या गावात. गौरी जेवतात त्या दिवशी अख्खी भावकी घरी असते आणि स्वयंपाकघरात कोण, बाजूला कोण यावर चर्चा झालेली मला नको होती. विसर्जन झालं, गोळी बंद केली. एरवी गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. या वेळी आठवडा उलटला तरी पत्ता नाही. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, गोळ्यांनी होतंच मागंपुढं, एवढं काय मनावर घेतेस?" होतंही. पण ही गोळी घेण्याआधीच्या दिवसांत संबंध आलेला असेल तर दिवस राहू शकतात. ती पाळी लांबवायला देतात, ती गर्भनिरोधक नव्हे. आमच्या पतसंस्थेतल्या दोघीतिघी तरी गोळी चालू आहे म्हणजे काळजी नाही असंच धरून चालल्या होत्या. त्यांना हे ठासून सांगितलं, इथेही सांगते.

कार्ड कुठलं घ्यावं यावर डोकं शिणवू नका. प्रेगा न्यूज, आय-कॅन, वेलोसिट, सगळ्यांचं तत्त्व एकच. गर्भ पिशवीत रुजला की एचसीजी नावाचं संप्रेरक तयार व्हायला लागतं, ते लघवीत उतरतं आणि कार्ड तेच ओळखतं. किंमत साधारण 50 ते 70 रुपये. पाकिटावरची मुदत बघा आणि चंदेरी वेष्टन फाटलेलं नाही ना ते बघा. मेडिकलवाल्याने वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून दिलं. खोकल्याचं औषध तो असं देत नाही. मी पिशवी परत केली.

वापरायला सोपं आहे. आत कार्ड, छोटा ड्रॉपर आणि ओल शोषणारी पुडी निघते. पुडी फेकून द्यायची. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत धरायची, कारण रात्रभरात ती दाट झालेली असते. कार्ड सपाट जागेवर ठेवून गोल खळग्यात तीन थेंब, एकेक करून. मग खिडकीत एक गुलाबी ओल हळूहळू पुढे सरकत जाते, मागची पट्टी पांढरी होत जाते आणि कार्डावर छापलेल्या C (सी) या अक्षरापाशी रेघ उमटते, म्हणजे कार्ड नीट चाललं. सीपाशी रेघच आली नाही तर कार्ड बाद, दुसरं आणा. शेजारच्या T (टी) या अक्षरापाशीही रेघ आली, फिकट का असेना, तर दिवस गेलेत असं धरून डॉक्टरांकडे जायचं. बघायचं पाचव्या मिनिटाला. अर्ध्या तासाने कचऱ्याच्या डब्यातून कार्ड काढून पुन्हा बघू नका. वाळल्यावर कधीकधी करडी रेघ दिसते आणि तिने उगाच घाबरगुंडी उडते.

मला एकच रेघ आली, सीपाशी. आणि माझी तक्रार इथूनच सुरू होते. मला मिळालेल्या पाकिटातला कागद इंग्रजी आणि हिंदीत, अक्षरं मोहरीएवढी. त्यात "निगेटिव्ह म्हणजे गर्भधारणा नाही" एवढ्यावर विषय संपवलेला. मग पाळी का येत नाही? बाई त्या सकाळी हाच प्रश्न घेऊन न्हाणीघरात उभी असते आणि कागद तिला वाऱ्यावर सोडतो. तिथे दोन ओळी हव्या होत्या. एक, बीज उशिरा सुटलं असेल तर आज एचसीजी कार्डाला पकडता येण्याइतकं नसेल, म्हणून आठवड्याने पुन्हा तपासा. दोन, तरीही एकच रेघ आणि पाळीही नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

मी दोन्ही केलं. दुसऱ्या वेळीही एकच रेघ. मॅडमनी सोनोग्राफी केली, रक्त तपासायला दिलं आणि थायरॉइड निघाला, म्हणजे गळ्यातली ती ग्रंथी मंदावलेली आणि तिला चालना देणारं टीएसएच हे संप्रेरक वाढलेलं. केस गळणं, दुपारी काउंटरवर डोळे मिटणं, हे सगळं मी पतसंस्थेतल्या कामाच्या दगदगीवर ढकलत होते. पाळी लांबायला पीसीओएस (बीजकोशांचा, संप्रेरकं बिघडण्याचा त्रास), वाढलेलं प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक), एकदम उतरलेलं वजन, अंगावर पिणारं बाळ, परीक्षेचा ताण, इमर्जन्सी गोळी, यांतलं काहीही पुरतं. प्रौढ बाईचं चक्र 21 ते 35 दिवसांचं असलं तरी ते नेहमीचंच धरतात. एरवी नियमित असणारी पाळी तीन महिने आली नाही तर मात्र कार्ड काहीही म्हणो, दाखवायलाच हवं.

साखर, मीठ, टूथपेस्ट टाकून घरी तपासायचे व्हिडिओ फिरतात. त्यातून काहीही कळत नाही. पपई आणि तीळगूळ खाऊन पाळी आणायच्या नादात महत्त्वाचे दिवस जातात, एवढंच.

दोन रेघा आल्या आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, अंगावरून रक्त जातंय, चक्कर येतेय, तर थांबू नका, तसंच दवाखान्यात जा. गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला असला तरी कार्डावर रेघा दोनच येतात. आणि मूल नको असेल तर तेही डॉक्टरांना सरळ सांगा. कायद्याने 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर काही परिस्थितींत 24 पर्यंत, दोन डॉक्टरांच्या मताने. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की त्यात अविवाहित मुलगीही येते. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून पाळी लांबल्याचं कळतं तेव्हा चार होऊनही गेलेले असतात.

पैशांची अडचण असेल किंवा गावच्या मेडिकलमध्ये सगळे ओळखीचे असतील, तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात "निश्चय" किट मागा. सरकारचं आहे, फुकट मिळतं आणि काम तेच करतं.