फेट की जिओजेब्रा?

आमच्या परभणीकडच्या शाळेत प्रोजेक्टर एकच, तोही लाइट असली तर. त्यामुळे आधी काय डाउनलोड करून ठेवायचं, हा प्रश्न खराच पडतो.

विज्ञानाला मी फेटच (PhET) घेतो, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायच्या प्रयोगांची सिम्युलेशन्स. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि डाउनलोड केलेली फाइल पेनड्राइव्हवरून नेटविना ब्राउझरमध्ये उघडते. विद्युत परिपथात सेलची दोन्ही टोकं नुसत्या तारेनं जोडली की पडद्यावर जाळ होतो. मागच्या बाकावरून लगेच, "सर, आकडा टाकल्यावानी झालं की!" शॉर्टसर्किट वेगळं समजावावं लागलं नाही. (आकड्याचा विषय मात्र मी वाढवला नाही.)

भूमितीत फेट तोकडं पडतं, तिथं जिओजेब्रा (GeoGebra), म्हणजे आकृत्या काढून त्या ओढून-हलवून बघायचं ॲप. अर्धवर्तुळातला कोन काढा, शिरोबिंदू कमानीवर कुठंही ओढा, नव्वद अंश ढळत नाहीत. ॲप फोनवर नेटशिवायही चालतं. पण रचना आपणच करायची, म्हणून हात बसायला वेळ लागतो. फेटमध्ये सगळं मांडलेलंच असतं.

शिक्षकाला दोन्ही फुकट. फोनमध्ये जागा कमी असेल तर मी फेट पेनड्राइव्हवर टाकतो, जिओजेब्रा फोनमध्ये.