सेंडाकच्या गोष्टींची डीव्हीडी आणि ती करणारा जीन डाइच

माझी नणंद न्यू जर्सीहून येताना लेकीसाठी ही डीव्हीडी घेऊन आली, मॉरिस सेंडाक या अमेरिकन चित्रपुस्तककाराच्या गोष्टींची, वेस्टन वुड्स या मुलांच्या पुस्तकांवर फिल्म्स करणाऱ्या स्टुडिओने केलेली आणि स्कोलॅस्टिक या प्रकाशनाने काढलेली. लेक साडेचार वर्षांची आहे. गेला महिनाभर आमच्याकडे रोज संध्याकाळी हीच चालू आहे, म्हणून म्हटलं नीट लिहूनच टाकावं.

आधी कामाचं. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग, म्हणजे रीजन, पाडलेले आहेत. अमेरिकेतली डिस्क रीजन 1 ची असते आणि आपला रीजन 5, त्यामुळे इथल्या साध्या प्लेअरवर ती लागेलच असं नाही, मागवायच्या आधी आपला प्लेअर सगळे रीजन घेतो का ते बघा. आम्ही लॅपटॉपवर लावतो.

डिस्कवर बरंच काही आहे, पण मी लिहितेय ते त्यातल्या दोन फिल्म्ससाठी, 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' आणि 'इन द नाइट किचन'. दोन्ही जीन डाइचने केल्यात. नाव ओळखीचं वाटत नसेल तर टॉम अँड जेरीतले ते वेगळेच एपिसोड आठवा, आवाज विहिरीतून आल्यासारखे घुमायचे आणि शेवटी 'मेड इन हॉलीवूड' यायचंच नाही. 1961-62 च्या त्या 13 फिल्म्स याच माणसाने तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या प्रागमध्ये बसून केलेल्या! लहानपणी मला त्या अजिबात आवडायच्या नाहीत, टॉमचे हाल बघून हसू यायच्या ऐवजी कसंतरीच व्हायचं. तोच माणूस पोरांच्या पुस्तकांना इतक्या मायेने हात लावतो हे कळल्यावर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले.

शिकागोत जन्मलेला, 1959 च्या ऑक्टोबरमध्ये दहा दिवसांसाठी म्हणून प्रागला गेला, तिथे स्टुडिओत काम बघणारी झ्डेन्का भेटली, तिच्याशीच लग्न केलं आणि 2020 मध्ये 95 व्या वर्षी गेला तोही प्रागमध्येच. म्हणजे कम्युनिस्ट राजवटीतली पुढची सगळी वर्षं हा अमेरिकन माणूस तिथे बसून अमेरिकेतल्या मुलांसाठी फिल्म्स करत होता. त्याच्या 'मन्रो' या छोट्या कार्टून फिल्मला ऑस्कर मिळालं, चुकून सैन्यात भरती झालेल्या चार वर्षांच्या मुलाची गोष्ट, आणि त्या मुलाला आवाज दिलाय डाइचच्या स्वतःच्या मुलाने. पण माझ्या मते त्याचं खरं काम 1960 च्या दशकाच्या शेवटी कनेक्टिकटच्या वेस्टन वुड्ससाठी सुरू झालं ते. 2008 ला निवृत्त होईपर्यंत 37 चित्रपुस्तकांच्या फिल्म्स केल्या त्याने.

आता 'वाइल्ड थिंग्ज'. पुस्तक ज्यांच्याकडे आहे त्यांना माहितीये, त्यात चित्रं आधी छोटी असतात आणि गोष्टीतल्या मॅक्स या मुलाच्या खोलीत जंगल उगवायला लागलं की पानागणिक मोठी होत जातात, शेवटी मॅक्स आणि तिथले जंगली राक्षस मिळून घालतात त्या धुडगुसाची तीन जोडपानं तर नुसती चित्रांची, एक शब्द नाही. आता पडदा काही मोठा होऊ शकत नाही, मग काय करायचं? डाइचने तिथे निवेदन थांबवलंय आणि सगळं संगीतावर सोडलंय. लेक तिथे सोफ्यावर उभी राहून नाचते. एकही जास्तीचा विनोद घुसडलेला नाही, नवीन पात्र नाही, मॅक्सला कोणी बोलका पोपट मित्र म्हणून दिलेला नाही. आजकाल मोबाइलवर पोरांसाठी जे चालतं त्यात दर दोन सेकंदाला काहीतरी फुटतं नाहीतर किंचाळतं, त्याच्यापुढे ही जेमतेम आठ मिनिटांची फिल्म बघताना मलाच श्वास घेतल्यासारखं वाटतं.

या फिल्मच्या दोन आवृत्त्या आहेत हे सांगायलाच हवं. 1973 च्या पहिलीत संगीत डाइचचंच होतं, वाद्यांपेक्षा इकडचे तिकडचे आवाज जोडून केलेलं, आणि 1988 मध्ये संगीतकार पीटर शिकेलीचं नवं संगीत आणि निवेदन घातलं. डिस्कवर ही नवीन आहे. ती गोड आहे पण मी जुनीही ऐकलीये, आणि मला जुनीच जास्त पटते, कारण त्यात थोडी भीती आहे आणि या गोष्टीत ती हवीच. दोन्ही असत्या तर पाच स्टार दिले असते, आता साडेचार.

'नाइट किचन'मध्ये मिकी नावाचा छोटा मुलगा कपड्यांशिवाय पिठात पडतो, त्यावरून अमेरिकेत पुस्तकाला बराच विरोध झाला होता. आमच्याकडे लेकीला फक्त एवढंच पडलंय की रात्री दूध कोण आणतं. बाकी डिस्कवरची अमेरिकन गायिका कॅरोल किंगची गाणी छान आहेत, ती सेंडाकने स्वतः केलेल्या टीव्ही कार्यक्रमातली, मात्र माझा जीव त्यात नाही.

निवेदन इंग्रजीत आहे, पण इतकं कमी आहे की मी आवाज बंद करून मराठीत सांगते आणि मध्ये भरपूर जागा उरते.

डाइचची 'रोझीज वॉक'पण मिळाली तर नक्की बघा, ती या डिस्कवर नाही. सबंध पुस्तकात 32 शब्द, कोंबडी फिरायला निघते आणि मागे कोल्हा, पण शब्दांत कोल्ह्याचा पत्ताच नाही! फिल्ममध्येही निवेदक त्याचं नाव घेत नाही, मागे फक्त बँजो वाजत राहतो. आमच्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्यांनी पहिल्यांदा बघितली तेव्हा कोल्ह्याचा पाय दाताळ्यावर पडायच्या आधीच त्या ओरडल्या, "अगं मागे बघ की!", आणि आता आजी-नात दोघी मिळून ओरडतात.